ऊब मोजणारी माशी

फार पूर्वी एका कड्याच्या कपारीत मूठभर मधमाश्यांचं मोहोळ होतं. त्यातली पिंगा फुलांवर जात नसे. कोणता कीटक किती उष्णता सोसतो, हे ती मोजत बसे आणि रीतीप्रमाणे प्रत्येक माशी तिला रोज एक थेंब मध देई. फुलं कमी झाली, तशी राणी घाबरली. तिने ते थेंब बंद करून पिंगालाही फुलांवर धाडलं.

आठवड्यात दाराशी अंगठ्याएवढी गांधीलमाशी घोंघावली. राणी पिंगाकडे धावली.

"पिंगे, काहीतरी उपाय सांग गं!"

"सगळ्यांनी तिला वेढून अंग थरथरवायचं. त्या उबेनेच ती मरेल."

"आणि आपण? आपण वाचू ना?"

दाराचं मेण तडकलं.

"तेच मोजत होते, राणीसाहेब," पिंगा म्हणाली, "तुम्ही फुलांवर धाडायला उठवलंत तेव्हा."