डोहात काही नाही

आपल्याला जे सगळ्यांत जास्त आवडतं, तेच काही लोक जगापासून लपवून ठेवतात. विचारलं तर तोंडावर खोटं सांगतात. आणि ते नाहीसं व्हायची वेळ आली, की 'कुणीच कसं धावून आलं नाही?' म्हणून जगालाच बोल लावतात. कुणी धावून यायचं होतं? तुम्ही कुणाला सांगितलं होतं?

डोंगरांत वसलेल्या एका गावात दाजिबा नावाचा शिंपी होता. त्याला गळ टाकायचा नाद होता. पोटासाठी नव्हे, आनंदासाठी. कोंबड्याचं पीस, रेशमाचा धागा आणि थोडी सशाची लव गळावर बांधून तो हुबेहूब माशी तयार करी. मग काठीला बांधलेली लांब दोरी हवेत मागेपुढे झुलवून ती माशी पाण्यावर अशी अलगद टेकवी, की खालच्या माशाला वाटावं, ही आत्ताच उडत आली. गळाच्या टोकाचा उलटा काटा तो आधीच चिमट्याने सपाट करी, म्हणजे माशाला फार इजा होत नसे. मासा लागला की ओल्या हातांनी सोडवायचा, प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात धरायचा आणि त्याच्या अंगात पुन्हा जोर आला की जाऊ द्यायचं. त्यामुळे दाजिबा रोज रिकाम्या हातांनी घरी येई.

त्याची बायको हौसा म्हणायची, "त्या काठीनं निदान चिंचा तरी पाडून आणा!"

दाजिबा हसायचा. कड्याखालच्या डोहात हाताएवढाले सोनेरी महाशीर मासे आहेत, हे त्याने तिलाही सांगितलं नव्हतं. सांगितलं तर गाव लोटेल, कुणी जाळी लावेल, ही त्याला भीती.

गावात आणखी दोघांना हाच नाद होता. इनूसभाई लोहार आणि दुधाचा रतीब घालणारी बायजाक्का. रस्त्यात गाठ पडली की बोलणं ठरलेलं असे.

"काय इनूसभाई, लागलं का काही?" दाजिबा विचारी.

"कसलं काय! शेपूटसुद्धा दिसत नाही. तुला?"

"बेडूकही नाही."

दोघंही मनातून खूश होऊन घरी जात. दाजिबा डोहावर पहाटे जाई, बायजाक्का दुपारी, इनूसभाई उन्हं कलल्यावर. डोह आपल्या एकट्याचा आहे, असं तिघांनाही वाटे. त्यांचंच काय सांगावं? बर्फाच्या मुलखात जा, नाहीतर समुद्रापलीकडे. पिसांची माशी टाकणारा माणूस सगळीकडे सारखाच. मासा केवढा होता ते हात पसरून सांगेल. कुठे होता ते सांगणार नाही.

एकदा राजाच्या मनात आलं, की बाजारापर्यंत गाडीरस्ता बांधावा. सरळ रस्ता जात होता डोहावरून. डोह बुजवायच्या आधी राजाने कारभाऱ्याला गावात पाठवलं. "तिथे काही जिवंत असेल तर मला कळव," एवढंच तो म्हणाला.

कारभाऱ्याने गळाचा नाद असलेल्या तिघांनाच एकेकटं गाठून विचारलं. का विचारतोय, ते सांगितलं नाही. दाजिबाला वाटलं, राजाला ताटात मासा हवा असेल.

"छे हो! त्या डोहात काही नाही."

बायजाक्कानेही तेच सांगितलं. इनूसभाईंनीही तेच.

संध्याकाळी दवंडी पिटली गेली, "डोहात जीव नाही हो! परवापासून तो दगडांनी बुजवला जाईल हो!"

दुसऱ्या दिवशी पहाटे दाजिबा डोहावर गेला. माशी टाकायला हात उचलेना. तो तसाच बसून राहिला. दुपारी पाठीमागे पाचोळा वाजला. काठी घेऊन बायजाक्का उभी होती. दोघांनीही माना खाली घातल्या. उन्हं कलली तसे इनूसभाईही खडक उतरून आले आणि जागीच थबकले.

तिघांनी एकमेकांच्या काठ्यांकडे पाहिलं. बायजाक्का म्हणाली, "म्हणजे आपण तिघांनी मिळून हा डोह मारला की!"

तिघं तडक कारभाऱ्याकडे गेले. खरं सांगितलं. कारभारी चिडला.

"काल मासा नव्हता, आज आला? खोटं तेव्हा बोललात की आता बोलताय?"

"तेव्हा," दाजिबा म्हणाला.

त्या उत्तराने कारभारी जरा निवळला. "ठीक आहे. उद्या दिवस मावळायच्या आत मला एक मासा दाखवा. नाही दिसला, तर दगड पडतील."

दुसऱ्या दिवशी अख्खं गाव काठावर जमलं. पोरं ओरडत होती, म्हशी पाण्यात शिरत होत्या. मासे तळाशी जाऊन बसले. दाजिबाची पहाटेची माशी वाया गेली. दुपारी बायजाक्काची गेली. सूर्य डोंगराला टेकला. पलीकडे दगडांच्या गाड्या उभ्याच होत्या.

तेव्हा इनूसभाई पुढे झाले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "या वेळी ते वरच्या खडकाआड येतात, दाजिबा. तिथे टाक."

"आणि पांढरी माशी नको," बायजाक्का म्हणाली. "या दिवसांत ते तांबडा भुंगा खातात."

इतकी वर्षं जपलेली गुपितं ती दोघं भर गर्दीत बोलून मोकळी झाली. दाजिबाने पिशवी उलटी केली. तांबडा धागा नव्हता. हौसाने आपल्या पदराच्या काठातून एक दोरा ओढून पुढे केला. दाजिबाने भुंगा बांधला, गळाचा काटा दाबला आणि दोरी झुलवली. भुंगा खडकाआड टेकला.

पाणी फुटलं. काठी कमान झाली. बऱ्याच वेळाने दाजिबाच्या ओल्या हातांत एक सोनेरी महाशीर डोलत होता. कारभारी जरीच्या जोड्यांसकट पाण्यात उतरला आणि वाकून बघत राहिला. मग दाजिबाने हात उघडले. मासा गेला.

"सोडलात?" कारभारी म्हणाला.

"तुम्ही पाहिलात ना? मग झालं."

कारभाऱ्याने डोंगराकडे पाहिलं. "रस्ता वळसा घालून नेता येईल. पण खडक फोडावा लागेल. दुप्पट कष्ट. कोण करणार?"

"आम्ही," तिघं म्हणाले. आणि मासा पाहिलेल्या काठावरून आणखी कितीतरी हात वर झाले.

रस्ता वळसा घालून गेला. दाजिबाला ज्यांची भीती होती ते लोकही आले. दूरदूरच्या देशांतून, आपापली पिसं घेऊन आले. जाळं मात्र कुणाला लावता आलं नाही, कारण आता डोहावर सगळ्या गावाची नजर होती. गावातली पोरं पाहुण्यांना आधी गळाचा काटा दाबायला लावत आणि मगच वाट सोडत.

तात्पर्य: जे जपायचं आहे ते लपवू नका, ज्याची लोकांना ओळखच नाही, त्याच्यासाठी लोक उभे राहत नाहीत.

हौसाने मात्र मासा दिसला त्या संध्याकाळी घरी जाताना नवऱ्याला वेगळंच ऐकवलं, "म्हणजे रोज मासा लागत होता तर! आणि मी मेली, बिचारा रिकाम्या हातांनी येतो म्हणून तुमच्या आमटीत खोबरं जास्त घालत होते!"