मेलेल्या सिंहाची आयाळ

फार जुनी गोष्ट. एका जंगलाचा राजा सिंह म्हातारा होऊन मेला. पण त्याची आयाळ धुवायला नि विंचरायला ठेवलेली वानरं काही कमी झाली नाहीत. उलट ती दर साली वाढतच गेली, आणि दरबारच्या झऱ्याचं सगळं पाणी त्यांच्याच घागरींत जायला लागलं.

इकडे भिका कासवाचं तळं आटलं. तो पाय ओढत वानरांच्या मुकादमाकडे गेला.

"मुकादम, थोडं पाणी द्या. पोरं चिखलात तडफडतात."

"पाणी आयाळीचं आहे, भिकोबा."

"अहो, सिंह मेला की."

"म्हणून तर खर्च वाढला. पूर्वी नुसती विंचरायची होती, आता आधी शोधावी लागते."

अशा गाढवांशी काय वाद घालायचा? भिकानं वाळलं गवत मानेला गुंडाळलं आणि तळ्याच्या मधोमध जाऊन बसला. वानरांनी झाडावरून आयाळ पाहिली नि घागरी घेऊन धावली. धुणं सुरू झालं. तळं काठोकाठ भरलं.

तेवढ्यात भिका तरंगत काठाला लागला, आणि मुकादम त्याच्या तोंडाशी वाकला. भिकाला वाटलं, ओळखलं यानं.

"महाराज," मुकादम हळूच म्हणाला, "आयाळ जरा लांब ठेवता येईल का? पुढच्या साली आणखी वानरं घ्यायचीत."