दुसऱ्या ओळीआधीचा श्वास

“…पण ठेका केसभरही हलत नाही, सर. मग तो खोटा का वाटतो?”

पास्कल सर ऐकतच होते. कानांवर हेरंबचा हेडफोन, डोळे मिटलेले. गाणं संपेपर्यंत ते तसेच बसून राहिले.

वसईकडच्या एका गावात, केळीच्या बागेला लागून त्यांचं घर होतं. ओटीवर जुना ड्रमसेट, चादरीखाली झाकलेला. पास्कल डाबरे हे नाव ऑर्केस्ट्रावाल्यांत एकेकाळी आदराने घेतलं जाई. लग्नांचे बँड, गावोगावचे कार्यक्रम, मुंबईतली रेकॉर्डिंग, सगळीकडे त्यांनी ड्रम्स वाजवले होते. आता गुडघे साथ देत नव्हते, म्हणून शिकवत. शिकवताना त्यांचा संयम फार टिकत नाही, हे हेरंब ऐकूनच आला होता.

हेरंब ठाण्याचा. नोकरी सॉफ्टवेअरमधली, आणि घरातल्या एका खोलीचा त्याने स्टुडिओ केला होता. ड्रम्स त्याला वाजवता येत नव्हते. त्याची गरजही नव्हती. कॉम्प्युटरच्या पडद्यावर माउसने ठिपके मांडायचे, एक ठिपका म्हणजे एक ठोका, आणि कॉम्प्युटर तो ठोका खऱ्या ड्रमच्या आवाजात वाजवतो. याला मिडी म्हणतात, हे त्याने सरांना आल्या आल्या समजावून सांगितलं होतं.

सरांनी ते ऐकून घेतलं होतं.

आता त्यांनी हेडफोन काढला.

“कोण वाजवतोय?”

“कोणी नाही. कॉम्प्युटर.”

“ये, बस इथे.”

त्यांनी चादर ओढली आणि हेरंबला ड्रमसेटमागच्या स्टुलावर बसवलं. पडद्यावर जे मांडलंस ते वाजवून दाखव, म्हणाले. आवाज नको, वेग नको, नुसते हात ने.

हेरंबने उजवा हात हायहॅटच्या झांजांवर धरला, डावा समोरच्या स्नेअर ड्रमवर. पहिली ओळ कशीबशी पार पडली. ओळीच्या शेवटी मात्र त्याने एक मोठी झांज आणि दोन ड्रम एकाच वेळी मांडले होते, आणि हायहॅट चालूच होता.

त्याचे हात हवेत अडकले.

“थांबलास का?”

“हात उरला नाही, सर.”

“मग तुझा ड्रमर कुठून आणतो?”

हेरंबला हसू आलं नाही. ऐकणाऱ्याला हात थोडेच दिसतात, असा वाद त्याने घातला. सर म्हणाले, दिसत नाहीत, पण खुपतात. का खुपतंय ते त्याला कळत नाही, म्हणून तो गाणं बंद करतो.

एवढं सांगून ते बागेत पाणी सोडायला निघून गेले. परत आलेच नाहीत.

हेरंब पुन्हा आला तो एका रविवारी, सर चर्चमधल्या मिसाहून परतल्यावर. या वेळी त्याची तयारी चोख होती. जिथे दोनाहून जास्त हात लागत होते तिथले जादा ठोके त्याने काढून टाकले होते. शिवाय प्रत्येक ठोक्याचा जोर वेगळा केला होता, आणि एकेक ठोका किंचित पुढे किंवा मागे सरकवला होता. माणूस काही इतका काटेकोर वाजवत नाही, हे त्याला आता पटलं होतं. कॉम्प्युटरमध्ये त्यासाठी सोयच असते. एक बटण दाबलं की सगळे ठोके थोडे थोडे विस्कटतात.

सरांनी अर्धंच गाणं ऐकलं.

“हात दोन झाले,” ते म्हणाले. “पण हा पिऊन बसलाय.”

इथे हेरंबचा तोल गेला. सरळ मांडलं तर यंत्र म्हणता, वाकडं मांडलं तर दारुडा म्हणता, मग करायचं तरी काय? त्याने लॅपटॉप सरांच्या मांडीवरच ठेवला. कुठला ठोका किती मागे, कुठला किती हलका, तेवढा नियम सांगा, म्हणाला. मी तसंच करतो, सोडून देतो हा विषय.

सरांनी लॅपटॉप उचलून बाजूच्या बाकावर ठेवला. तापलेलं भांडं ठेवावं तसा.

चांगला ड्रमरही मागे पडतो, ते म्हणाले. पण काहीतरी ऐकून पडतो. तुझा माणूस काहीच ऐकत नाहीये. उगाच पडतोय.

“काय ऐकायचं त्याने?”

“गाणारी कोण आहे?”

“माझी बायको. शलाका.”

“ती का नाही आली?”

हेरंबने बाकावरचा लॅपटॉप मिटला. मग अडखळत सांगू लागला. शलाका लहानपणापासून गाते. लग्नानंतर दोघांनी ठरवलं होतं की एक तरी गाणं घरच्या घरी करायचं, चाल त्याची, आवाज तिचा. चाल झाली, ठेका झाला. पण दुसऱ्या ओळीला ती दर वेळी उशिरा यायची. किती उशिरा, ते त्याने तिला पडद्यावर दाखवलं. तिने परत गायलं. परत उशीर. पुन्हा दाखवलं. शेवटी कंटाळून त्याने तिचा आवाजच माउसने पकडून जागेवर ओढून आणला.

ते गाणं तिने एकदा ऐकलं. हा आवाज माझा आहे, पण ही मी नाही, म्हणाली. त्यानंतर तिने त्या खोलीत पाऊल ठेवलेलं नाही.

“घरातही गुणगुणत नाही आता,” हेरंब म्हणाला. हे तो बागेकडे बघत म्हणाला.

सरांनी कपाळ चोळलं.

“दुसऱ्या ओळीआधी श्वास कुठे घेते ती?”

“श्वास?”

“हो. श्वास.”

“ते मी काढून टाकलेत, सर. कापून. आवाज स्वच्छ यावा म्हणून. सगळेच काढतात.”

…

सर उठले. ओटीच्या एका टोकापर्यंत गेले, परत आले. गुडघा धरून पुन्हा बसले.

“बायकोचा श्वास कापलास,” ते हळू आवाजात म्हणाले, “आणि मला विचारतोस ठेका खोटा का.”

हेरंबने लॅपटॉप बॅगेत कोंबला. इतक्या लांबून ठेक्याचं विचारायला आलो होतो, संसार कसा करावा हे ऐकायला नाही, असं काहीतरी तो पुटपुटला. चपला घालून फाटकापर्यंत पोहोचला तेव्हा मागून हाक आली. कापलेलं टाकून दिलंस की ठेवलंयस, सर विचारत होते.

ठेवलंय, तो म्हणाला.

“मग ऐक. ड्रम्स बंद करून.”

घोडबंदर रस्त्यावर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. हेरंब ठाण्यापर्यंत स्वतःशीच भांडत गेला. म्हाताऱ्याला कॉम्प्युटर कळत नाही म्हणून हे सगळं, असं त्याने ठरवूनही टाकलं. आठवडाभर त्याने स्टुडिओचं दार उघडलं नाही.

शनिवारी दुपारी शलाका कामावर होती. घरात शांतता होती आणि चिडून चिडून तो दमला होता. त्याने खोली उघडली, तिची न कापलेली रेकॉर्डिंग काढली आणि ड्रम्स बंद केले.

पहिल्या ओळीचा शेवटचा शब्द लांब होता. तो संपेपर्यंत शलाकाचा दम संपायचा. मग ती श्वास घ्यायची, खोल, पोटापासून. तो श्वास त्याने इतक्या महिन्यांत एकदाही ऐकला नव्हता.

त्याने ड्रम्स पुन्हा चालू केले. नेमक्या त्याच जागी त्याने एक रोल मांडला होता, ड्रम्सवरून धडधडत खाली येणारा. गाण्यातली त्याची सगळ्यात आवडती जागा. त्या धडधडाटात श्वास ऐकूच येत नव्हता. आणि शलाका थांबत होती. दारातून कोणी सामान घेऊन जात असेल तर आपण बाजूला उभे राहतो, तशी. रोल संपला की ती आत यायची.

उशिरा.

त्याने पुन्हा ड्रम्स बंद केले आणि रेकॉर्डिंग पुढे जाऊ दिलं. अडखळल्यावर ती गायची थांबली होती. क्षणभर काहीच नाही. मग तिचा आवाज.

“चुकलं माझं. परत घेते.”

पुढच्या वेळीही तेच. त्याच्या पुढच्या वेळीही. दर वेळी आवाज थोडा लहान. शेवटच्या रेकॉर्डिंगमध्ये ती काही बोललीच नव्हती. नुसता हेडफोन टेबलावर ठेवल्याचा आवाज होता.

हे सगळं त्याने न ऐकताच कापलं होतं. त्याला फक्त मधलं गाणं हवं होतं.

शलाका घरी आली तेव्हा तो स्वयंपाकघरात चहा करत होता. दूध उतू चाललं होतं आणि त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. तिने पुढे होऊन गॅस बंद केला.

“तू उशीर करत नव्हतीस,” तो म्हणाला. “मी वाटेत उभा होतो.”

तिने पर्स खाली ठेवली. एवढं कळायला इतके महिने लागले का, असं तिने विचारलं. रागावून नाही, दमून. त्याने तिच्यासाठी चहा गाळला. मग विचारलं, वसईला सरांकडे येशील का? ती म्हणाली, येईन. पण तुझ्यावर ओरडणारा माणूस कसा दिसतो ते बघायला येईन, गाणार नाही.

सरांनी तिला ओटीवर खुर्ची दिली, पुढ्यात बागेतली केळी सुकवून केलेल्या सुकेळ्यांची बशी ठेवली. कोणाकडे शिकलीस, आवाज सकाळी चांगला लागतो की संध्याकाळी, घसा बसला तर काय करतेस, अशा चौकशा सुरू झाल्या. शलाका हळूहळू बोलायला लागली. हेरंब भिंतीला टेकून उभा होता. त्याला कोणी बस म्हणालं नाही.

बोलता बोलता सर ड्रमसेटमागे जाऊन बसले. दोनच ओळी म्हणतेस का, त्यांनी विचारलं.

शलाका नाही म्हणाली.

सरांनी आग्रह केला नाही. स्टिकच्या टोकाने ते झांजेवर अगदी हलके वाजवत राहिले, कोणीतरी दुसऱ्या खोलीत वाजवत असावं तसे. एक सुकेळं संपलं. शलाकाने पदराला बोटं पुसली.

हेडफोन लावायचा नसेल तर म्हणते, ती म्हणाली.

तिने डोळे मिटून सुरुवात केली. आवाज आधी घोगरा होता, वापरात नसलेला. सर तिच्या मागून चालले होते, धक्का न लावता. पहिली ओळ शेवटच्या लांब शब्दापाशी आली, शब्द संपला…

सरांची उजवी स्टिक वर गेली आणि तिथेच राहिली.

काहीही वाजलं नाही.

शलाकाने श्वास घेतला. ओटीवर तो सगळ्यांना ऐकू आला. तिने पुरता घेतला, घाई केली नाही. दुसऱ्या ओळीचा पहिला शब्द तिच्या तोंडून निघाला आणि तेव्हाच स्टिक खाली आली.

ती अडखळली नाही.

तिने डोळे उघडले, सरांकडे पाहिलं आणि कोणी न सांगता तिसरी ओळ घेतली. मग पुढची. दोनच ओळी ठरल्या होत्या, ती सगळं गाणं गायली. एका जागी तिला गाता गाताच हसू आलं. तेवढ्यापुरता ठेका सैल झाला आणि ती सावरल्यावर पुन्हा नीट लागला. हेरंबला आपलीच चाल ओळखू येईना. त्याने तोंड फिरवून बागेकडे पाहिलं. डोळे भरून आले होते, आणि ते दोघांनाही दिसायला नको होते.

गाणं संपलं. शलाका पाणी प्यायली. सर गुडघा दाबत बसले.

मग हेरंबने खिशातून फोन काढला. गाणं त्याने गुपचूप रेकॉर्ड केलं होतं. तो सरांच्या स्टुलाजवळ उकिडवा बसला आणि फोनवरच्या रेघा दाखवत, अतिशय मनापासून, आवाज खाली आणून त्याने विचारलं,

“सर, दुसऱ्या ओळीआधी तुम्ही थांबलात ना… ते नेमकं किती थांबलात? म्हणजे मी तेवढंच मांडेन.”

सरांनी त्याच्याकडे पाहिलं. मग फोनकडे. मग पुन्हा त्याच्याकडे.

शलाकाने हातातला पेला खाली ठेवला.

दाढ ठणकावी तसे सरांनी डोळे मिटले. उघडले. हातातली स्टिक उचलून समोरच्या खुर्चीकडे केली.

“ती समोर बसलीये,” ते म्हणाले. “मला काय विचारतोस?”