दलदलीचा नियम

फार जुन्या काळी एका लढाईच्या पटावर लाकडी सोंगट्यांची दोन सैन्यं नांदत होती. त्या खेळाला मालक नव्हता. नियमांची वही पटाच्या कडेला उघडी असायची आणि कुणी हरकत घेतली नाही, तर कुठलीही सोंगटी नियम बदलू शकायची.

त्या पटावर भिंगरी नावाची घोडी होती. माळावर ती एका खेळीत आठ घरं धावायची, पण गावापुढच्या दलदलीत तिला जेमतेम एक घर सरकता यायचं. प्यादे हसायचे. ते तिच्या मनाला फार लागायचं. एके दिवशी तिनं वहीत लिहिलं, ‘घोड्यांना दलदल माळासारखीच.’

वेशीवरचा म्हातारा प्यादा रखमाजी म्हणाला, “पोरी, या चिखलाच्या भरवशावर मी जन्मभर त्याच्याकडे पाठ करून निजलोय.”

“आजोबा, तुमची धाव एका घराची. तुम्हाला वेगातलं काय कळणार?”

हरकत कुणीच घेतली नाही.

भिंगरीनं एकाच खेळीत दलदल पार केली आणि पलीकडच्या काठावर दिमाखात उभी राहिली. मग शत्रूची खेळी आली. त्यांचे बारा घोडे तिच्या शेजारून गेले आणि दलदलीतून थेट गावाकडे धावले. वहीत ‘घोडे’ एवढंच होतं. कुणाचे, ते नव्हतं. आपली खेळी नसताना तिला जागचं हलताही येईना.

खेळी आली तशी ती एका दमात परतली. वाटेत काहीच आडवं आलं नाही.

वेशीवर रखमाजी पडला होता, दलदलीकडे पाठ करून.