चित्रांगदेचे बारसे

एका राज्यात मकरंदसेन नावाचा राजा होता. तो शिकारीला गेला आणि बरेच दिवस लोटल्यावर परतला, त्याच घटकेला राणी हेमकलेच्या मनात पाल चुकचुकली. चेहरा तोच, चाल तीच, आवाजही तोच. पण गृहस्थाने तान्ह्या लेकीचे तोंड पाहिले नाही, आधी विचारले, "बारसे केव्हा?"

अरण्यात कुहकनाथ नावाचा मांत्रिक राही. तो माणसांचे आवाज चोरी, त्यांची रूपे घेई आणि त्यांना मुकी करून अरण्यात कोंडून ठेवी. आणि त्या राज्याचा रिवाज असा, की बारशाला मूल ज्याच्या मांडीवर ठेवतील, त्याची त्या मुलाच्या वाणीवर जन्मभर सत्ता. राणीची झोप उडाली ती याच कारणाने.

तिने तीन परीक्षा योजल्या. पहिली राजाच्या घोड्याची, जो परक्याला जवळ येऊ देत नसे. घोडा थरथरला, पण उभा राहिला. दुसरीत तिने लग्नाच्या दिवशीचे बोलणे विचारले. त्याने ते जसेच्या तसे म्हटले. दासी खूश झाल्या, राणी मात्र अधिकच धास्तावली. तिच्या नवऱ्याने एक गोष्ट दोनदा सारखी सांगितली, असे कधी घडले नव्हते.

तिसरी परीक्षा बारशाचीच. तिथे बाप लेकराच्या तळहातावर बोट टेकवीत नाव घेतो. श्वासाच्या एकेका झोक्याला बोट एकदा टेकते, म्हणजे मुलाला कळावे की शब्द तुकड्यातुकड्याने तोंडातून येतो, आणि प्रत्येक तुकड्याच्या पोटात एक स्वर असतो.

"महाराज, नाव घ्यावे," राणी म्हणाली.

"चित्रांगदा," तो गोड आवाजात म्हणाला. नाव त्याने दासींकडून काढून घेतले होते. बोट एकदाच टेकले. शब्द अख्खे चोरलेले, ते अख्खेच बाहेर पडत होते.

पाळण्याच्या दोरीवर एक साळुंकी बसली होती. राजा परतल्यापासून ती तिथून हलली नव्हती, आणि तिच्या चोचीतून नुसता खरखराट येई. आता तिने दोरीवर चोच मारली, एकदा, दोनदा, तीनदा, चारदा.

"त्या पाखराची मान मुरगाळा," तोतया म्हणाला.

नावाचे तुकडे चार, टोचेही चार; राणीने आपला नवरा ओळखला आणि साळुंकीला ओंजळीत घेतले. चोच उघडत होती, जीभ टाळूला लागत होती, पण स्वरावाचून उच्चार उभा कसा राहणार? स्वर तर त्या चोराच्या गळ्यात. मग राणीने आपला श्वास दिला. ती "इ" म्हणाली, पाखराने जीभ लावली, आणि "चित्" उमटले. ती "आं" म्हणाली, "रां" झाले. "अ" म्हणताच "ग". इकडे तोतयाचा आवाज बसत चालला. शेवटचा "आ" तिने रडतच म्हटला.

"दा" उमटले आणि तिच्यासमोर मकरंदसेन उभा राहिला, अंगावर पिसे, डोळ्यांत पाणी. कुहकनाथाचे खरे रूप उघडे पडले. तो ओठ हलवीत राहिला, मंत्र काही फुटेना. शिपायांनी त्याला नेले. अरण्यातली कोंडलेली माणसे बोलू लागली आणि आपापल्या घरी गेली.

राजाने लेकीसाठी हात पुढे केले. राणीने लेक दिली नाही. नवऱ्याला मिठी मारावी असे तिला फार वाटत होते, तरी ती जागची हलली नाही.

"आधी नाव घ्यावे," ती म्हणाली.

राजाने चिमुकल्या तळहातावर चार वेळा बोट टेकवले. चौथ्या वेळी त्याचा आवाज कापला. तेव्हा कुठे तिने लेक त्याच्या मांडीवर ठेवली.