चिरलेल्या झाकणाची घोणस

प्राणिशास्त्राच्या चाळीस तुकड्या माझ्या हातून पदवीधर झाल्या. म्हणजे प्रयोगशाळेचं कुलूप मी उघडायचो, शिकवायचे सर. माझं स्वतःचं शिक्षण नववीपर्यंतचं, आणि नववीही मी सोडली नाही, तिनेच मला सोडलं. तरीही प्राचार्यांपासून नव्या मुलांपर्यंत सगळे मला काका म्हणतात आणि जरा भिऊनच असतात. कारण डबा उघडावा आणि आत प्लास्टिकची पाल निघावी, असं आमच्या विभागात अधूनमधून घडतं. कोण करतं, मला ठाऊक नाही.

एकदा एक विद्यार्थिनी तिसऱ्या वर्षाला होती. अत्यंत अभ्यासू, तीन वर्षांत एकदाही पहिला नंबर न सोडलेली. बारा महिने तिच्या हातात निळी छत्री असे, म्हणून मी तिला छत्री म्हणायचो. वर्गात एक चष्मा होता, एक खोकला होता, एक उशिरा होता. नावं लक्षात ठेवायला माझं डोकं म्हणजे काही हजेरीपट नव्हे.

या छत्रीला एका संस्थेत काम मिळणार होतं. गावोगाव हिंडायचं आणि लोकांना विषारी, बिनविषारी साप ओळखायला शिकवायचं. घरी वडील अंथरुणावर, धाकटा भाऊ शाळेत. पदवीनंतर लगेच हाताला काम मिळणं ही तिच्यासाठी चैन नव्हती. संस्थेची अट एकच होती. ‘या मुलीला साप ओळखता येतात’ असं सरांनी पत्र द्यायचं. आणि सर म्हणाले होते, सराव परीक्षेत ओळखून दाखव, त्याच दिवशी पत्र घेऊन जा.

ही परीक्षा कशी असते ते सांगतो. टेबलावर ओळीने दहा बरण्या मांडतात. प्रत्येक बरणीत औषधात बुडवलेला एक साप, लेबलावर कोरा कागद चिकटवलेला. प्रत्येक बरणीपुढे एक मिनिट उभं राहायचं, नाव लिहायचं, घंटा झाली की पुढे सरकायचं.

परीक्षेच्या आधी दोन दिवस ही मुलगी कपाटासमोर उभी राहून डोळे मिटून पुटपुटत होती. मी झाडू मारता मारता कान दिला.

‘‘चिरलेलं झाकण, घोणस. लाल दोरा, डुरक्या घोणस. पिवळं पाणी, धामण.’’

‘‘कसला मंत्र गं छत्री?’’

‘‘काका, या खुणा आहेत. वरच्या वर्गातल्या ताईंनी दिल्या. त्यांना त्यांच्या ताईंनी दिल्या होत्या.’’

‘‘वा! म्हणजे घराणंच आहे की!’’

त्या संध्याकाळी मी सरांच्या खोलीत गेलो आणि माझा बेत सांगितला.  सर उठून कपाटापाशी गेले, चष्मा पुसून घोणस आणि डुरक्या दोन्ही बराच वेळ निरखले आणि म्हणाले, ‘‘करा काका.’’ ते एवढा वेळ काय निरखत होते, हे मी विचारलं नाही. थोरामोठ्यांना सगळंच विचारायचं नसतं.

मी हातमोजे घातले, चिमट्याने विषारी घोणस काढून लाल दोऱ्याच्या बरणीत ठेवली आणि बिनविषारी डुरक्या चिरलेल्या झाकणाखाली घातला.

निकाल लागला. एकतीस मुलांपैकी एकतिसांनी घोणशीला डुरक्या आणि डुरक्याला घोणस लिहिलं. एवढं एकमत मी आमच्या सोसायटीच्या सभेतसुद्धा पाहिलेलं नाही. सरांनी सगळ्यांची फेरपरीक्षा आठ दिवसांनी ठेवली आणि छत्रीचं पत्र टेबलाच्या खणात परत ठेवून दिलं.

ती तडक माझ्याकडे आली. डोळे लाल, छत्री भाल्यासारखी धरलेली.

‘‘काका, तुम्ही बरण्या बदलल्यात?’’

‘‘देवाशपथ नाही. बरण्या तिथेच होत्या. साप बदलले.’’

‘‘तुम्हाला थट्टा सुचते! माझं पत्र अडकलं. महिनाअखेर संस्था दुसऱ्या कुणाला तरी घेईल. घरी काय सांगू मी, काकांनी गंमत केली?’’

आता मात्र मी झाडू भिंतीला टेकवला.

‘‘बस. तू एका गावात गेलीस. बांधावर एक बाई उभी आहे. तिच्या पोराला साप चावलाय. मारलेला साप तिने गोणपाटात गुंडाळून आणलाय. ती म्हणते, ताई, हा कुठला? दवाखान्याकडे धावू, की पोराला घरी झोपवू? तू तिला काय विचारशील? झाकण कुठं चिरलंय?’’

 तिच्या हातातली छत्री हळूहळू खाली आली.

मी म्हणालो, ‘‘पोरी, खूण बरणीची असते आणि लक्षण प्राण्याचं असतं. खुणेने परीक्षेत पास होता येतं, कारण परीक्षेत बरणी असते. बाहेर बरणी नसते. तू तीन वर्षं पहिली आलीस, पण या सापाकडे तू एकदा तरी पाहिलंस का? तू काच पाहिलीस. ज्याला ओळखायचं, त्याच्याकडेच पाहावं लागतं. यापलीकडे मला काही येत नाही. मी नववी नापास माणूस.’’

पुढचे आठ दिवस ती रोज प्रयोगशाळा बंद होईपर्यंत बसली. मी दोन्ही साप पांढऱ्या ट्रेमध्ये काढून द्यायचो आणि ती हातमोजे घालून पाहायची. घोणशीचं डोकं त्रिकोणी, मानेपासून वेगळं दिसणारं; पाठीवर साखळीसारखे रेखीव ठिपके. डुरक्याचं डोकं मानेइतकंच, ठिपके एकमेकांत मिसळलेले, शेपटी आखूड. तिसऱ्या दिवशी ती स्वतःशीच म्हणाली, ‘‘हे तर अजिबात सारखे नाहीत!’’ तेव्हा मी पाठ फिरवून हसून घेतलं.

फेरपरीक्षेला मी दहाही साप एकसारख्या कोऱ्या बरण्यांत ठेवले. तिने दहाही बरोबर लिहिले. सरांनी खणातून पत्र काढून सही केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दारात स्टुलावर बसलो होतो. एक मुलगी पेढ्यांचा पुडा घेऊन समोर उभी राहिली.

‘‘कोण पाहिजे?’’ मी विचारलं. ‘‘सर जेवायला गेलेत. बाहेर थांबा.’’

ती थांबली.  जरा वेळाने म्हणाली, ‘‘काका, मी.’’

‘‘अगं, छत्री तू! छत्री कुठाय?’’

‘‘बसमध्ये राहिली.’’

‘‘तरीच! ये, आत ये. काम मिळालं ना? मग माझं बोलणं विसरू नकोस हां. जिथं जाशील तिथं सांग, काच पाहू नका, आतला जीव पाहा.’’

तिने पुडा माझ्या हातात दिला, वाकून नमस्कार केला आणि उभी राहत म्हणाली, ‘‘सांगेन काका. घोणस मी आता कुठल्याही बरणीत ओळखीन. पण तीन वर्षं मी रोज या दारातून आत येत होते. माझं नाव काय, सांगा बघू.’’