रिकामी फेरी

एका जंगलाच्या मधून एक रुंद नदी वाहत असे, आणि त्या नदीवर एक कासव नोकरीला होते. बालमित्रांनो, काम तसे साधेच. एका काठावर झाडी, दुसऱ्या काठावर कुरण. पोहता न येणाऱ्या लहान प्राण्यांना सकाळी पाठीवरून चरायला न्यायचे आणि संध्याकाळी घरी आणून सोडायचे. पाठीवर जागा तिघांपुरती. चाळीस वर्षांत त्याच्या नावावर एकही शेरा नव्हता, आणि चाळीस वर्षांची कमाई म्हणावी तर तेवढीच.

एके दिवशी सिंहाच्या दरबारातून एक बगळा तपासणीला आला. कुरणाजवळच्या खडकावर एका पायावर उभा राहून, अधूनमधून मासा गिळत, तो फेऱ्या मोजू लागला. आठवडाभराने म्हणाला, "कासवराव, सकाळी तुम्ही कुरणाकडून रिकामे जाता, संध्याकाळी झाडीकडून रिकामे येता. म्हणजे निम्मी मेहनत पाण्यात!"

"साहेब, माझी सगळीच मेहनत पाण्यात असते," कासव म्हणाले. "आणि परत गेल्याशिवाय पुढचे प्रवासी आणू कसे?"

"ते तुम्ही बघा. रिकामी फेरी दिसली की शेरा."

तेव्हापासून परतीचा प्रवासी मिळेपर्यंत कासव काठावर बसून राहू लागले. फेऱ्या निम्म्या झाल्या, ताटकळणारे दुप्पट झाले. बगळ्याच्या तक्त्यात ताटकळणाऱ्यांचा रकाना नव्हता. त्यामुळे सुधारणा झाली असे ठरले.

चैत्रातल्या एका दुपारी झाडीला वणवा लागला. पाच पिल्लांची एक सशीण धावत काठावर आली. थोरल्या तिघांना तिने ओल्या चिखलात बसवले आणि धाकट्या दोघांना घेऊन कासवाच्या पाठीवर चढली. कुरणाला लागताच ती म्हणाली, "काका, पटकन माघारी फिरा. त्या तिघांना आणा. वर घार फिरतेय, मी या दोघांजवळ थांबते."

कासवाने खडकाकडे पाहिले. "रिकामे जाता येत नाही गं पोरी. अरे, झाडीकडे येणार का कोणी?"

कुरणात कोणी चरायचेही थांबले नाही.

"मग मीच बसते! चला!"

"एक प्रवासी," बगळा म्हणाला. "चालेल."

झाडीच्या काठावर तिन्ही पिल्ले पाठीवर चढली आणि जागा संपली. "जा काका," खाली उतरलेली सशीण म्हणाली. "मी आहे इथे. फक्त लवकर या."

कासव जन्मात इतक्या वेगाने पोहले नव्हते. पिल्लांना उतरवून ते वळणार, तोच खडकावरून आवाज आला, "परतीला कोण?"

"मी!" थोरले पिल्लू पुन्हा पाठीवर चढले.

"पिल्लू म्हणजे अर्धा प्रवासी," बगळ्याने मान हलवली. "अर्धी फेरी रिकामीच धरतात."

कासव थांबले. त्याला चाळीस वर्षे आठवली.

"मग आम्ही दोघं!" म्हणत दुसरे पिल्लू धडपडत चढू लागले. त्याचा पाय पाठीवर नीट टेकेपर्यंत समोरचा काठ धुरात दिसेनासा झाला. मग ज्वाळा पाण्यापर्यंत आल्या.

दुसऱ्या दिवशी बगळ्याने अहवाल वाचून दाखवला, "रिकाम्या फेऱ्या, एकही नाही. झाडीच्या काठावरून तक्रार, एकही नाही. नावाड्याचे काम उत्तम." पाच पिल्ले शेजारीच बसून ऐकत होती.

कासवाने पाण्यात अंग टाकले, एकटेच झाडीच्या काठाला गेले, राखेत बराच वेळ इकडे तिकडे मान फिरवली आणि एकटेच परत आले.

बगळ्याने अहवाल पुन्हा उघडला आणि कासवाच्या नावावर पहिला शेरा लिहिला : "एक फेरी जाऊन-येऊन रिकामी. कारण दिसत नाही."

तात्पर्य : जो फक्त रिकाम्या फेऱ्या मोजतो, त्याला पलीकडच्या काठावर कोण उभे आहे ते दिसत नाही, आणि जो शेऱ्याला भितो, त्याला ते दिसते, पण त्याचा पाय उचलत नाही.